खेळाचं वेड आणि तंत्रज्ञानाची आवड, दोन्ही नोकरी सांभाळून रोजच्या आयुष्यात कशी जोपासता?

तुम्ही लिहिलंय की वय सव्वीस आहे, नाशिकच्या सिडकोत राहता, घरूनच सॉफ्टवेअरचं काम करता. क्रिकेट आणि बुद्धिबळाचं वेड लहानपणापासूनचं. पण आता सगळं मोबाइलवरच होतं: सामने, हायलाइट्स, फॅन्टसी संघ, मध्यरात्रीपर्यंत तीन-तीन मिनिटांचे डाव. महिना संपला की काय पाहिलं, काय खेळलो, काहीच आठवत नाही. मग ज्यांना खेळ आणि तंत्रज्ञान दोन्ही मनापासून आवडतं, ती माणसं नेमकं करतात तरी काय?

मी अंबडच्या एका कारखान्यात मशीनच्या नियंत्रणाचं काम बघतो. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), सेन्सर, ड्राइव्ह यांच्यातच दिवस जातो. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी. माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे: दुसऱ्यांनी मोजलेले आकडे वाचणं कमी करा आणि स्वतः मोजायला लागा. टीव्हीवर दिसणारा प्रत्येक आकडा कुणीतरी कुठेतरी बसून टिपलेला असतो. ते टिपणारे आपण झालो की खेळ वेगळाच दिसायला लागतो, आणि मुख्य म्हणजे लक्षात राहतो.

आधी मोबाइलचं सांगतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंद झाले, तो विषय तिथेच सोडू. पण सामना बघताना स्कोअरच्या सूचना मात्र नक्की बंद करा. ऑनलाइन दिसणारा ‘थेट’ सामना खरा थेट नसतो. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आधी दाबून लहान केलं जातं, त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि अडखळू नये म्हणून तुमचा फोन त्यातले थोडे आधीच साठवून ठेवतो. स्कोअरची सूचना म्हणजे जेमतेम दोन ओळींचा मजकूर, तो क्षणात पोचतो. म्हणून गोलंदाज धावायला लागायच्या आधीच विकेट पडल्याचं कळतं. अशाने सामना बघण्यात काय राहिलं? आमच्या घरी सामना चालू असला की सगळ्यांचे फोन टीव्हीजवळच्या टोपलीत जातात. हा नियम आईने केलाय आणि तो सगळे पाळतात.

आता माझ्या खऱ्या छंदाकडे येतो: स्कोरिंग. शनिवारी-रविवारी नाशिकमध्ये कुठल्या ना कुठल्या मैदानावर लेदर बॉलचा सामना असतोच. कंपन्यांचे संघ, क्लबचे संघ, शाळांची मुलं. खेळायला अकरा जण सहज जमतात, पण वही घेऊन दिवसभर बसायला कुणी मिळत नाही. क्रिकेटच्या नियमावलीतला तिसरा नियम अख्खा स्कोररांवर आहे. स्कोरर दोन हवेत, त्यांनी आपापसात आकडे वारंवार ताडून बघायचे आणि पंचाच्या प्रत्येक खुणेला पोच द्यायची. पंच उंचावलेल्या गुडघ्याला हात लावून लेग बाय दाखवतात आणि मग स्कोरर बसतात त्या तंबूकडे बघतात. आपण हात वर केला की मगच खेळ पुढे सरकतो. स्थानिक सामन्यातसुद्धा हे होतं, आणि त्या क्षणी आपण त्या सामन्याचा भाग असतो.

माझ्या शेजारी दुसऱ्या संघाकडून बसतात ते काका नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर नोटांच्या मोजणीत काढलेला माणूस. हिशेब जुळल्याशिवाय पुढच्या षटकाला हात लावत नाही. मेडन, म्हणजे एकही धाव न गेलेल्या षटकाच्या सहा टिंबांना रेघांनी जोडून एम कसा काढायचा आणि त्यात विकेट पडली असेल तर डब्ल्यू कसा, हे त्यांनी शिकवलं. पडताळणीही त्यांच्याकडूनच शिकलो. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर धावा बरोबर एकूण धावा. गोलंदाजांच्या नावावरच्या धावा अधिक बाय अधिक लेग बाय बरोबर तीच एकूण. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात, बाय आणि लेग बाय नाहीत, हे लक्षात ठेवलं की झालं. दोन वेगवेगळ्या वाटांनी तोच आकडा आला तर नोंद बरोबर. आपण सॉफ्टवेअरमध्ये डेटा बरोबर आहे का हे तपासायला चेकसम लावतो ना, ते काम वहीवाले किती आधीपासून करत होते हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

साधं स्कोअरबुक जमायला लागलं की एक-एक चेंडू ओळीने लिहायची पद्धत शिका. हिचं श्रेय ऑस्ट्रेलियाचे बिल फर्ग्युसन यांना देतात आणि बीबीसीच्या रेडिओसाठी चार दशकं स्कोरिंग करणाऱ्या बिल फ्रिंडॉल यांनी ती जगभर पोचवली. नेहमीच्या वहीत फलंदाज एका कोपऱ्यात आणि गोलंदाज दुसऱ्या, त्यामुळे कुणाचा कुठला चेंडू कुणी खेळला हे नंतर सांगता येत नाही. ओळीच्या पद्धतीत वेळ, गोलंदाज, समोरचा फलंदाज, पलीकडचा फलंदाज, धावा, सगळं एका रांगेत येतं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात, म्हणजे हे सरळ डेटाबेसचं टेबल आहे हे तुम्हाला लगेच कळेल. क्रिकशीट या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय आणि आयपीएलच्या सामन्यांचा चेंडूगणिक डेटा मोफत मिळतो, त्याची मांडणीही जवळजवळ अशीच. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तिथेच शिका किंवा घासूनपुसून घ्या. पण एक तरी सामना हाताने लिहिल्याशिवाय त्या फायली उघडू नका, असं माझं ठाम मत आहे. नुसती फाइल उघडली की मनात येणारे प्रश्नही टीव्हीवरचेच असतात: कुणाचा स्ट्राइक रेट किती, कुणाचे षटकार किती. मैदानावर बसलात की प्रश्न वेगळे पडतात.

माझंच उदाहरण देतो. आमच्या कंपनीच्या संघात एक डावखुरा फिरकीपटू आहे. विकेट फारशा मिळत नाहीत, म्हणून संघ निवडताना त्याचं नाव शेवटी यायचं. पण लिहिताना मला सारखं जाणवत होतं की तो गोलंदाजी करत असला की पलीकडच्या टोकाला काहीतरी घडतं. मोसम संपल्यावर सगळ्या वह्या संगणकावर चढवल्या आणि साधा प्रश्न विचारला: हा एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला किती चेंडूंमागे विकेट मिळते, आणि हा नसताना किती? फरक स्पष्ट होता. हा निर्धाव चेंडू टाकून बांधून ठेवतो आणि फलंदाज सुटायला बघतात ते पलीकडच्यावर. अर्थात आमचा डेटा थोडा, आणि हा नेहमी मधल्या षटकांत टाकतो, म्हणून तुलनाही मधल्या षटकांशीच करावी लागली. ती केल्यावरही फरक टिकला. कर्णधाराला कागद दाखवला. आता तो फिरकीपटू पहिल्या तिघा गोलंदाजांत धरला जातो. कुठलंही ॲप हे मला सांगणार नव्हतं, कारण या सामन्यांचा डेटा जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हताच.

तुम्हाला कॅमेऱ्याची आवड असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेम टिपणारं स्लो मोशन असतं. स्क्वेअर लेगच्या बाजूला सीमारेषेबाहेर तिपाई लावा, दोन्ही क्रीझ चौकटीत आल्या पाहिजेत. खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत २०.१२ मीटर, पण दोन पॉपिंग क्रीझमधलं (यष्ट्यांपुढच्या रेषांमधलं) अंतर साधारण १७.७ मीटर. चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजाच्या क्रीझवर येईपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा आणि १५,३०० ला (म्हणजे साधारण १७.७ × २४० × ३.६) त्या संख्येने भागा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. १३९ फ्रेम लागल्या तर वेग साधारण ११०. एखादी फ्रेम इकडेतिकडे झाली तर एक किलोमीटरचाही फरक पडत नाही. पण चेंडू क्रीझच्या अर्धा मीटर पुढून सुटला असेल तर तीनेक किलोमीटरची चूक होते, म्हणून तिकडे जास्त लक्ष द्या. शिवाय हा सरासरी वेग आहे. टीव्हीवर दिसतो तो हातातून सुटतानाचा. हवेचा रोध आणि टप्पा यांमुळे चेंडू पुढे मंदावतो, म्हणून आपला आकडा नेहमी कमीच येणार. गल्लीतल्या मुलांना हे करून दाखवा. स्वतःचा वेग कळला की ती रोज यायला लागतात, आणि धाव घेताना शेवटची दोन पावलं लांब टाकल्याने काय होतं असले प्रश्न आपणहून विचारतात. माझ्या दृष्टीने विज्ञान शिकवायला याहून चांगली जागा नाही.

बुद्धिबळाबद्दल तर नाशिककराने कमी बोलणं शक्यच नाही. आपला ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२३ मध्ये ग्रँड स्विस स्पर्धेत पहिली फेरी हरला आणि तरीही अकरा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवून पहिला आला. त्या जोरावर २०२४ च्या टोरंटोच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) गेला आणि तिथे अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. टोरंटोचे डाव आपल्याकडे मध्यरात्री सुरू व्हायचे. मी जागलो नाही. सकाळी चहा घेऊन पटावर डाव लावायचो, इंजिन (खेळी तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) बंद ठेवून. नाकामुराविरुद्धचा पहिला विजय विदितने काळी मोहरी घेऊन मिळवला, आणि त्यात त्याने एच-तीन या घरातलं प्यादं उंटाने मारून उंटाचा बळी दिला. ती खेळी पटावर स्वतःच्या हाताने करून मग दहा मिनिटं नुसतं बघत बसण्यात जे समाधान आहे, ते कोण पुढे आहे हे दाखवणारी पडद्याच्या कडेची पट्टी वर-खाली होताना बघण्यात नाही.

तुमच्या मध्यरात्रीच्या डावांसाठीही हेच सांगेन. तीन मिनिटांचे वीस डाव खेळण्याऐवजी पंधरा मिनिटांचा एकच खेळा. संपल्यावर कुठे बिघडलं ते आधी स्वतः शब्दांत लिहा, ‘इथे घोडा मागे न्यायला नको होता, कारण…’ असं. मग स्टॉकफिश हे इंजिन लावा. ते मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे, आणि लिचेस या संकेतस्थळावर ते जाहिरातीशिवाय वापरता येतं. इंजिन उत्तर सांगतं, पण आपण तिथे चुकीचा विचार का केला हे त्याला माहीत नसतं. ते फक्त तुमच्या वहीत सापडेल. माझी मुलगी अशी वही ठेवते आणि तिची प्रगती माझ्यापेक्षा वेगाने चाललीय.

बाकी दिवसाचं वेळापत्रक साधं. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणं-पळणं, कधी सायकलवरून त्र्यंबक रोड. या शहरात सायकल आणि पळणं यांना मान आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये दहा हजार मीटरचं रौप्य आणलं. घड्याळाच्या नाडीच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. ते हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचं रक्त मोजतं, आणि चढावर हँडल आवळून धरलं की आकडा भरकटतो. मोजायचंच तर छातीचा पट्टा घ्या. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाऊणएक तास संगणकावर वह्या चढवतो, मग जेवण, मग मुलीबरोबर एक डाव. आठवड्याच्या मधल्या सामन्यांपैकी एखादाच पूर्ण बघतो, बाकीच्यांची नुसती धावपत्रिका. आणि महाराष्ट्राचा रणजी सामना हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर असला की एक दिवस रजा टाकतोच. टीव्हीवर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात: दोन चेंडूंच्या मध्ये स्लिपमधला माणूस अर्धं पाऊल कसा सरकतो, यष्टिरक्षक कुणाला खुणावतो.

स्कोरिंगची सुरुवात कशी करायची? कुठल्याही मैदानावर जा, खेळणाऱ्या संघाच्या कर्णधाराला सांगा की मी स्कोअर लिहितो. नाही कुणी म्हणणार नाही. पहिल्या सामन्याला ॲप नको, छापील स्कोअरबुक घ्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांचे पेन, टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. सामना साडेनऊचा असेल तर नऊला पोचा, कारण दोन्ही संघांची नावं आधी नीट विचारून लिहून घ्यावी लागतात, आणि एकाच आडनावाचे तिघे हमखास निघतात.