ई-टाइपचा मागचा डिफरन्शियल न काढता कसा ओळखायचा? ३.५४ काढून ३.०७ बसवावा का?

डिफरन्शियलवरच्या पत्र्याच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. बाकीचं नंतर.

तुमची गाडी ४.२ लिटरची जॅग्वार ई-टाइप, चार गिअरची. आत कोणता डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, आहे हे गाडीतून न काढता कळेल का, आणि ३.५४ निघालाच तर ३.०७ बसवण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. हा आकडा म्हणजे रेशो: चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे होतात ते. मागच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर गिअरच्या दात्यांची संख्या कोरलेली असते. ४६ आणि १३ म्हणजे ३.५४, ४३ आणि १३ म्हणजे ३.३१. सोबत पीएल असेल तर पॉवर-लॉक, म्हणजे लिमिटेड स्लिप, एकटंच चाक मोकळं फिरू न देणारा. हे सगळं खरं आहे. पण ती पट्टी झाकणाच्या बोल्टनेच धरलेली असते, आणि एवढ्या वर्षांत ते झाकण कोणी कोणी उघडलं असेल याचा पत्ता कुणाला?

माझ्या दादाच्या ई-टाइपला ३.५४ होता. हायवेला इंजिन फार ओरडतं म्हणून त्याने वापरलेला ३.०७ मिळवला. पट्टीवर तसंच लिहिलेलं, पुढे पीएल. तो बेंचवर ठेवला तेव्हा मी म्हटलं, "दादा, आधी मोजू या. पाच मिनिटांचं काम आहे." तो म्हणाला, "लिहिलंय ना त्यावर? कारखान्याने मोजूनच लावलीय." तो मोठा, गाडी त्याची. मी गप्प बसलो.

ई-टाइपचा डिफरन्शियल बदलणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मागचे ब्रेक चाकात नाहीत, डिफरन्शियलला चिकटून आहेत. त्यामुळे सबफ्रेमचा अख्खा पिंजरा खाली उतरवावा लागतो. रेडियस आर्म, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, सगळं सुटं. मग पिंजऱ्यातून डिफरन्शियल बाहेर. ब्रेक डिस्कच्या दोन्ही अंगांना शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. एका बाजूच्या डिस्क कॅलिपरच्या मधोमध आणतात, दुसऱ्या बाजूच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे आतबाहेरचा कल, ठरवतात. मी त्या डाव्या-उजव्या वेगळ्या पिशव्यांत भरून वर खडूने लिहून ठेवल्या होत्या. वरचे चार बोल्ट आवळून त्यांना तार बांधताना माझी बोटं सोलली होती. चार रविवार गेले. मधल्या काळात स्पीडोमीटरही ३.०७च्या हिशोबाने जुळवून आणला.

पहिल्या फेरीला दादा खूष. स्पीडोमीटरचा काटा १०० वर, इंजिन मिनिटाला २४७० फेऱ्यांच्या आसपास. गणिताने ३.०७ ला एवढंच यायला हवं, ३.५४ ला साधारण २८५० येतात. "बघ, पट्टी खरी," तो म्हणाला. मला मात्र गाडीचा आवाज पूर्वीसारखाच वाटत होता. फोनवर जीपीएस लावलं. काटा १०० दाखवत होता आणि गाडी जेमतेम ८७ ने चालली होती.

कारण सोपं आहे, पण पुष्कळ जाणती माणसं इथे फसतात. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे डिफरन्शियलच्या आधी. तिथून पुढे कोणताही रेशो असो, चौथ्या गिअरमध्ये वेगाचा काटा आणि इंजिनच्या फेऱ्यांचा काटा यांचं एकमेकांशी नातं बदलतच नाही. आम्ही काटा पट्टीप्रमाणे जुळवला होता, म्हणून काट्याने पट्टीचीच री ओढली.

घरी येऊन मागची बाजू उचलली, स्टँड लावले, गिअर न्यूट्रलला. एक चाक फिरवलं तर दुसरं उलट फिरलं. म्हणजे पीएलही बहुधा खोटं. मग एक चाक धरून ठेवलं, दुसरं वीस फेरे फिरवलं आणि पिनियनच्या फ्लँजवरची, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतात त्या चकतीवरची, खडूची खूण मोजली. एक चाक धरलं की दुसऱ्याचे वीस फेरे म्हणजे दोन्ही चाकांचे दहाच. पस्तीस फेरे आणि वर थोडंसं. ३.५४. आम्ही ३.५४ काढून ३.५४ बसवला होता. दादा अजूनही म्हणतो की चूक पट्टी बदलणाऱ्याची. मी म्हणतो, पट्टी बदलणारा आपल्या गॅरेजमध्ये नव्हता, आपण दोघं होतो.

तर तुमच्या गाडीला हेच करा. पॉवर-लॉक असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतील. तेव्हा दोन्ही वर ठेवून दहाच फेरे घ्या. एका फेरीवर ३.३१ आणि ३.५४ मधला फरक हाताला नीट लागत नाही, दहा फेऱ्यांत तो सव्वादोन फेऱ्यांचा होतो. एक राहिलंच: पॉवर-लॉकच्या प्लेटा झिजल्या असतील तर तोही साध्यासारखा वागतो. त्यामुळे चाकं उलट फिरली म्हणून आत पॉवर-लॉक नाहीच, असं छातीठोक म्हणू नका. आणि मोजून फक्त रेशो कळतो, बेअरिंगची तब्येत नाही.

बदलावा का? लांब पल्ल्याला गाडी नेत असाल तर जरूर. गावातच फिरवणार असाल तर ३.५४ राहू द्या, पहिल्या गिअरला तोच बरा. बदललात तर अख्खा डिफरन्शियल बदला. क्राउन-पिनियनची जोडी एकत्र घासून जुळवलेली असते, एकातला पिनियन दुसऱ्यात घालू नका. बाजूचे ऑइल सील नवे टाका, गळलं तर तेल थेट ब्रेक डिस्कवर जातं. पॉवर-लॉकला त्याच्यासाठीचं ऑइल घाला, नाहीतर हळू वळताना मागून धडधडेल. स्पीडोमीटर जुळवायला विसरू नका, नाहीतर काटा ८७ वर असताना तुम्ही १०० ने जात असाल. पण तो जुळवायचा डिफरन्शियल मोजल्यानंतर, आधी नाही.

दादाच्या गाडीत आता खरा ३.०७ आहे. बेंचवर मीच मोजला, दहा फेऱ्यांना तीस आणि पाऊणला किंचित कमी. तो शेजारी उभा राहून माझ्यासोबत आकडे म्हणत होता.