फुकेतहून फी फी बेटांची दिवसभराची बोट सहल: पोहता येत नसेल आणि सोबत आई-बाबा असतील तर करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत सहा जण थायलंडमधल्या फुकेतला जाताय, आई-बाबा साठीच्या पुढचे, मुलं आठ आणि बारा वर्षांची, पोहता फक्त नवऱ्याला येतं. मधेमधे पाण्यात उतरवणारी दिवसभराची बोट सहल घ्यावी का, आणि घ्यायची तर स्पीडबोट की मोठी बोट?

घ्या. पण जाहिरातीत 'सात बेटं' लिहिलंय म्हणून घेऊ नका.

मी ही सहल दोनदा केली. पहिल्यांदा ऑफिसच्या मित्रांबरोबर, स्पीडबोटीने. सकाळी साडेसहाला हॉटेलच्या दारात व्हॅन, मग धक्क्यावर तासभर ताटकळणं, मग तीस-पस्तीस जण एका बोटीत. संध्याकाळी परत येताना सहज हिशेब मांडला. यादीतली सगळी ठिकाणं झाली होती, आणि आम्ही प्रत्यक्ष पाण्यात होतो ते सगळं मिळून पाऊण तास. बाकीचा दिवस चढा, उतरा, फोटो काढा, 'ट्वेंटी मिनिट्स!' यात गेला. म्हणून माझा पहिला सल्ला: कंपनीला 'किती बेटं?' विचारू नका, 'पाण्यात किती वेळ?' विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पुढच्या दुकानात जा.

यादी कशी फुगते तेही सांगतो. व्हायकिंग गुहा हे एक ठिकाण मोजलेलं असतं. आत जाता येत नाही. पाकोळ्यांची खाण्यायोग्य घरटी तिथे काढतात, त्यामुळे बोट दोन मिनिटं समोर थांबते आणि निघते. मंकी बीच हे दुसरं. तिथे माकडं आहेत, ती हातातलं ओढतात आणि चावतात. परदेशात रेबीजची इंजेक्शनं घेत फिरायची हौस नसेल तर बोटीतूनच बघा. आणि तिसरं म्हणजे जिच्यासाठी सगळे जातात ती माया बे नावाची खाडी. तिथे पोहायला बंदी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं, बस्स.

ही बंदी उगाच नाही. एका हॉलिवूडपटाचं चित्रीकरण तिथे झालं आणि जग लोटलं. एवढीशी पुळण, आणि दिवसाला चार-पाच हजार माणसं. बोटींचे नांगर थेट प्रवाळावर पडत. शेवटी जून २०१८मध्ये थाई सरकारने तो किनारा बंदच केला. प्रवाळाची पुन्हा लागवड झाली आणि जानेवारी २०२२मध्ये तो उघडला तो नव्या नियमांनी. आता बोटी मागच्या बाजूच्या लोह सामाह खाडीत लागतात आणि तिथून लाकडी वाटेने चालत जायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दर वर्षी बंद असतो, तुम्हाला तो प्रश्न नाही. गर्दी हटल्यावर काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क काठाजवळ परतले आहेत. सकाळी लवकर गेलात तर घोट्याएवढ्या पाण्यात त्यांची पिल्लं दिसतात. घाबरू नका, ती आपल्यालाच घाबरतात. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क मोठ्यांना ४०० आणि मुलांना २०० बात (थाई चलन). पॅकेजमध्ये ते धरलंय का ते आधीच विचारा, नाहीतर सहा जणांचं मिळून धक्क्यावर चांगलंच अंगावर येतं.

आता बोटीचं. फी फी बेटं फुकेतपासून साधारण ४५ किलोमीटर. स्पीडबोटीला तासभर, मोठ्या फेरीला दोनेक तास. एसटीत मागचं बाकडं वाईट, स्पीडबोटीत पुढचं. नाकाशी बसलात तर प्रत्येक लाटेला बोट उचलली जाते आणि दाणकन आपटते. मित्रमंडळी जागा पकडायला धावली ती नेमकी पुढे, आणि मग दोन दिवस कंबर धरून हिंडली. तुमच्या बाबांचे गुडघे किंवा आईची पाठ थोडी जरी कुरकुरत असेल तर स्पीडबोट नको. मोठी बोट संथ जाते, तिच्यावर शौचालय असतं, सावली असते, आणि पाण्यात न उतरणाऱ्याला वर बसून चहा पिता येतो. ज्याला बोट लागते त्याने मधल्या भागात खाली बसावं आणि क्षितिजाकडे बघावं, मोबाइलकडे नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या आधीच घ्या, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

मला मात्र खरा मार्ग दुसऱ्या खेपेला सापडला. त्या वेळी बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई (वय ६६) सोबत होती. आम्ही फुकेतच्या रस्सादा धक्क्यावरून मोठ्या फेरीने फी फी डॉनला गेलो आणि दोन रात्री तिथेच राहिलो. या जोडीतल्या मोठ्या बेटावर, म्हणजे डॉनवर, वस्ती आणि हॉटेलं आहेत. मोटारी नाहीत, तुमच्या बॅगा हातगाडीवरून जातात. धाकटं फी फी ले म्हणजे नुसते चुनखडीचे उभे कडे, राहायला कोणी नाही. माया बे याच धाकट्या बेटावर. डॉनवरच्या टोन्साय धक्क्यावर आदल्या संध्याकाळी एका नावाड्याशी बोलून दिवसभरासाठी लाँगटेल ठरवली आणि सकाळी सातच्या आत निघालो. फुकेत आणि क्राबीच्या बोटी दहाच्या सुमाराला येऊन थडकतात. त्याआधीचे तीन तास हेच त्या सहलीचं सोनं.

लाँगटेल म्हणजे लाकडी लांब होडी. मागे एका दांड्यावर ट्रकचं इंजिन आणि त्या दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज असा की कानात कापूस घालावा. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, त्या होडीच्या रक्षणकर्त्या देवीसाठी, 'मे या नांग'साठी. आईने ते बघून लगेच नमस्कार केला, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होड्या सजवतात त्यातलंच तिला ते वाटलं. नावाडी खूश. तेवढं एक पाळा, नाळेवर पाय टाकून बसू नका. एक अडचणही सांगतो: लाँगटेलवर शौचालय नाही, आणि चढताना गुडघाभर पाण्यातून जाऊन छोटी शिडी चढावी लागते. बाबांना ते जमणार नसेल तर मोठी बोटच घ्या, उगाच ओढाताण नको.

माया बेनंतर फी फी लेचीच पिलेह खाडी. तीन बाजूंनी कडे आणि मधे पाचूच्या रंगाचं पाणी. इथे होडी उभी करतात आणि लोक काठावरून उड्या टाकतात. पायाला तळ लागत नाही, म्हणून तुमच्यापैकी पाच जणांसाठी इथे लाइफ जॅकेट सक्तीचं समजा. जॅकेट नुसतं अडकवलं तर पाण्यात ते कानापर्यंत वर चढतं आणि माणूस आणखी घाबरतो. खालचे पट्टे आवळा, मग खांद्याला धरून कोणीतरी वर ओढून बघा. हनुवटीशी आलं तर सैल आहे. मुलांना मुलांच्याच मापाचं मागा, ते होडीत नसतं, आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं.

मी स्वतः विहिरीत पोहायला शिकलो. काकाने पाठीला रिकामा डबा बांधला आणि ढकललं. त्यामुळे मला वाटायचं आपल्याला पोहता येतं. समुद्रात मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि पहिल्याच श्वासाला गुदमरलो. नाक बंद, श्वास फक्त तोंडाने, हे शरीराला पटायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं हॉटेलच्या तलावात घालवा, समुद्रात नाही. घरी बादलीत तोंड बुडवून सराव केला तरी चालेल, मुलांना फार मजा वाटते. मास्कच्या कडेखाली केस आले की पाणी शिरतं. मिशा असतील तर हमखास शिरतं. बाबांच्या भरघोस मिशा असतील तर वरच्या ओठाला थोडं व्हॅसलीन लावा. (मी शेवटी उडवल्या. आता परत आल्यात.)

माझी आई नदीत गुडघ्याच्या वर कधी गेली नव्हती. बांबू बेटावर, डॉनच्या उत्तरेला, उथळ स्वच्छ पाणी आणि झाडांची सावली आहे. शिकाऊ माणसासाठी त्या सगळ्या भागात याहून चांगली जागा नाही. तिथे तिला लेगिंग्ज आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला, ओढणी होडीतच ठेवायला लावली, जॅकेट बांधलं आणि हातात रबरी रिंग दिली. नावाडी रिंगेची दोरी धरून पुढे पोहत होता, मी बाजूला. तीन वेळा तिने तोंड घातलं आणि तीन वेळा खोकत बाहेर काढलं. चौथ्यांदा घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मी घाबरून खांद्याला हात लावला, तर तोंडातली नळी काढून म्हणाली, "अरे, खाली कुणी फोडणी टाकलीय का?"

खरंच तसा आवाज असतो. प्रवाळाजवळ पाण्याखाली अखंड तडतड ऐकू येते. बारीक कोळंबीची एक जात नांगी झटकन मिटून ती तडतड करते. हजारो कोळंब्या एकदम, तापल्या तेलात मोहरी टाकावी तशा. त्यात मधूनच कुरकुर ऐकू आली तर तो पोपटमासा, चोचीने प्रवाळ कुरतडणारा. त्यानंतर ती पाऊण तास बाहेर यायला तयार नव्हती. माझ्या आधीच्या अख्ख्या सहलीचा पाण्यातला वेळ तिने एका ठिकाणी संपवला.

पाण्यातला खरा धोका मासे नाहीत, बोटींचे पंखे आहेत. दोरीने आखलेल्या भागातच राहा आणि कुठल्याही बोटीच्या मागच्या बाजूला जाऊ नका. ओढ असेल तर सुरुवातीला ओढीविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच आणून सोडतं. प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते मरतं, शिवाय त्यात लांब काळ्या काट्यांचे सागरी साळू दडलेले असतात. माशांना पाव टाकायलाही बंदी आहे, शेजारचे टाकत असले तरी.

तिथी बघा, ही गोष्ट कुठल्या जाहिरातीत नसते. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे दिवाळीच्या मुख्य दिवसांत तिथे उधाणाचं पाणी असतं: ओढ जास्त आणि ओहोटीला पाणी फार मागे जातं. डॉनच्या लोह दालुम खाडीत तर होड्या उघड्या वाळूवर बसलेल्या दिसतात. त्यापेक्षा अष्टमीच्या आसपासचे, भांगेच्या पाण्याचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस नवख्यांना बरे. कालनिर्णय घरात आहेच.

ऋतूचंही तसंच. तिथला नैऋत्य मोसमी काळ मे ते ऑक्टोबर, समुद्र खवळलेला. नोव्हेंबरपासून निवळतो. तुमची तारीख सीमेवर पडते, म्हणून बोटीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, रद्द झाला तर पुढे ढकलता येईल. शेवटच्या दिवशी ठेवला की माणूस हवामानाशी घासाघीस करतो. जुलै २०१८मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची बोट बुडून ४७ माणसं गेली. नावाडी 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका, पैसे परत मागा.

ऊन: आपण पालथे तरंगतो, त्यामुळे भाजतात ते पोटऱ्या आणि मान. क्रीमपेक्षा कपडे बरे. थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनला बंदी आहे, दंड एक लाख बातपर्यंत. बाटलीच्या मागचं बारीक अक्षर इथूनच वाचून जा.

जेवण शाकाहारी हवं असेल तर 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीत माशाचा सॉस असतोच. 'जे' हा थाई शब्द वापरा. त्यात मासे, मांस, अंडी, दूध, अगदी कांदा-लसूणही नसतो. तरी दशम्या आणि चिवडा न्याच. समुद्रातून बाहेर आल्यावर लागणारी भूक वेगळीच असते.

आणि दागिने हॉटेलातच. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठ्या सुटतात. पहिल्या सहलीतल्या एका मित्राची साखरपुड्याची अंगठी पिलेहच्या तळाशी आहे. घरी त्याने 'विमानतळावर चोरीला गेली' असं सांगितलंय, म्हणून नाव लिहीत नाही.