वाचकांचे प्रश्न : सुटका केलेले ससे घरात आणताना

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या बागेत कुणीतरी दोन पांढरे ससे सोडून दिले होते. ते उचलून नेणारे प्राणिमित्र आता आम्हाला ते दत्तक देताहेत. दोन्ही माद्या आहेत म्हणे. वन बीएचकेमध्ये पिंजरा ठेवला तर चालेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पिंजऱ्याचं नंतर पाहू. आधी ‘दोन्ही माद्या’ हे पशुवैद्यांकडून तपासून घ्या. लहान सशांत नर-मादी ओळखताना जाणत्यांचीही चूक होते. मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण 31 दिवसांत विते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. शंका असेल तर दोघांना लगेच वेगळं ठेवा आणि पाच आठवडे लक्ष ठेवा. मादी तोंडात गवत धरून कोपऱ्यात नेऊ लागली, पोटाचे केस उपटू लागली, की पिल्लांची तयारी चालली आहे असं समजा.

नसबंदी दोघांचीही करा. न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार प्रमाणात होतो. नराची नसबंदी झाली तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस जोडी एकत्र सोडू नका. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते गुंगीत उलटी होऊ नये म्हणून. ससा ओकूच शकत नाही, आणि पोट रिकामं राहिलं की त्याचं आतडं थंडावतं. रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं, तर सशांची सवय असलेला दुसरा डॉक्टर शोधा.

आता जागा. दोन सशांना निदान 10 बाय 6 फूट जागा दिवसरात्र मोकळी हवी. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसं घडीचं, तीन फूट उंच जाळीचं कुंपण हॉलच्या कोपऱ्यात लावा. तारेच्या तळाचा पिंजरा नकोच. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेवर ते झिजतात आणि टाचेला जखमा होतात. गुळगुळीत फरशीवरही पाय फाकतात, म्हणून सुती सतरंजी अंथरा.

कमी उंचीचा, दोन्ही ससे मावतील असा प्लास्टिकचा टब घ्या. तळाला वर्तमानपत्राचे थर, त्यावर लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) आणि एका बाजूला भरपूर वाळलेलं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत जिथे तिथेच त्याला सवय लागते. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती वापरू नका, पोटात गेली तर ती फुगते. लघवीचे पांढरे पापुद्रे व्हिनेगरने निघतात. लघवी कधी नारिंगी, कधी लालसर दिसली तर ते बहुधा पाल्यातल्या रंगद्रव्यामुळे असतं, पण कुंथत असेल तर लगेच दाखवा. ससे वायरी कुरतडतात, म्हणून त्या पीव्हीसी पाइपात घाला, राउटरची आधी.

पहिल्या आठवड्यात उचलून घेऊ नका. कान धरून तर कधीच नाही. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली. मागचे पाय हवेत झाडले तर त्याचा कणा मोडू शकतो. जमिनीवर शेजारी बसा, त्याला येऊ द्या. लाल डोळ्यांचा पांढरा ससा मान सावकाश डावी-उजवीकडे डोलवताना दिसेल. ते आजारपण नव्हे. त्याची नजर कमजोर असते, तो अंतराचा अंदाज घेत असतो.

प्रश्न : आमच्या दत्तक सशाला आम्ही गाजर, पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य) आणि मेथी घास देत होतो. मागच्या महिन्यात त्याने एकदम खाणं सोडलं. आतडं थांबलं असं डॉक्टर म्हणाले, कसाबसा वाचला. पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सशाचं आतडं लांब धाग्याच्या गवतावर हलत राहतं. गाजरातली साखर आणि पेलेटमधला स्टार्च जास्त झाला की आतड्यातले नको ते जंतू माजतात, गॅस धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्यामुळे रोज सकाळी लेंड्या पाहण्याची सवय लावा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल आणि कोरडी असते. चिमटीत चुरगळली की आत गवताची बारीक कुसं दिसतात. मिरीएवढ्या झाल्या, किंवा केसात ओवल्यासारखी माळ पडू लागली, तर गवत कमी पडतंय. चकचकीत, मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तो थेट गुदद्वारातूनच खातो. त्या त्याला लागतात, अडवू नका. त्या फरशीवर तशाच पडून राहिल्या तर मात्र खाणं जड होतंय.

10-12 तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. कुबड काढून बसणं, दात करकर वाजवणं ही दुखण्याची खूण आहे. एरंडेल किंवा घरचं चूर्ण देऊ नका.

दोन किलोच्या मोठ्या सशाला वाळलेलं गवत हवं तेवढं, रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग. पेलेट 40-50 ग्रॅम. पाला दोन मुठी : कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला, पालक मात्र थोडा. गाजर आठवड्यातून दोनदा, अंगठ्याच्या पेराएवढं.

मेथी घास म्हणजे भाजीची मेथी नव्हे, लसूणघास. तिच्यात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक, पण मोठ्या सशाचं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं आणि मूत्राशयात गाळ साठू शकतो. ती दोन आठवड्यांत हळूहळू कमी करा, एकदम बंद करू नका. टिमोथी गवत परवडत नसेल तर ओटचं वाळलेलं गवत किंवा आपली हरळी चालते. फवारणी नसलेल्या जागेची हरळी कापून सावलीत पातळ पसरा आणि रोज उलटवा. नीट वाळलेली हरळी हिरवट राहते, गोडसर वास येतो. कुबट वास आला तर टाकून द्या, बुरशी पोटात गेलेली वाईट. पावसाळ्यात बंद प्लास्टिकपेक्षा तागाचं पोतं बरं.

प्रश्न : बचावलेल्या सशाच्या नाकावर, कानांच्या कडांवर आणि पंजांवर राखाडी खपल्या आहेत. घरात कुत्र्याच्या गोचिडांचे थेंब आहेत, ते लावू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुळीच नाही. त्या थेंबांमध्ये बरेचदा फिप्रोनिल असतं, आणि त्याने ससे मरतात. ही बहुधा खरूज आहे, बारीक किड्यांमुळे होणारी. डॉक्टर वजनावरून औषध ठरवतात आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा देतात. खपल्या गेल्या तरी उरलेली मात्रा चुकवू नका. खपल्या ओढू नका, खालची कातडी सोलते. आंघोळही नको, भिजलेला ससा गारठतो आणि घाबरतो. दुसरा ससा असेल तर त्यालाही दाखवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. तुमच्या हातांवर खाज उठू शकते, हातमोजे वापरा. उरलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही घरच्या घरी पाजू नका. आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावू शकतो.

प्रश्न : ऊसतोडीत सशाचं पिल्लू सापडलं. पाळू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. तो रानससा आहे, पाळीव सशाची जात वेगळी. पाळीव सशाची पिल्लं जन्मतः उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. रानसशाचं पिल्लू केसांसकट, डोळे उघडे घेऊन जन्मतं. आई त्याला दिवसभर एकटं ठेवते आणि बहुधा अंधार पडल्यावर पाजायला येते. जखम नसेल तर जवळच्या न तोडलेल्या बांधावर झुडपाखाली ठेवून दूर व्हा. जखमी असेल तर वनविभागाला 1926 वर फोन करा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानससा घरी ठेवणं गुन्हा आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर पुरेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो, पण नागपूरच्या मे महिन्यात दुपारी खोलीतलं तापमान थर्मामीटरने मोजा. 28 अंशांच्या वर गेलं की सशाला त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो टेकून बसतो. पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात द्या, जास्त प्यायलं जातं. नाक ओलं, तोंड उघडं, अंग लुळं पडलेलं दिसलं तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि थेट दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.