वडिलांची जुनी स्कूटर नीट करताना एकामागून एक विघ्नं येतायत. गाडी खरंच पनवती असते का? विकून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की स्कूटर १९९४ ची आहे, दीड वर्षात दोनदा इंजिन जाम झालं, नव्या रंगाला फुगे आले आणि आता घरचे म्हणतात भंगारात देऊन मोकळा हो. हे सगळं मी भोगलंय, त्यामुळे पनवतीच्या गोष्टीला हसणार नाही. माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. आमच्या आईनं तर शनिवारी हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. त्याच आठवड्यात गिअरची केबल तुटली.

आमची बजाज चेतक स्कूटर १९८६ ची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तेव्हा स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, त्यामुळे ती आली त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. त्या गाडीवर आम्ही तीन भावंडं शाळेत गेलो, भरताची वांगी बाजारात गेली, सरकीच्या गोण्या आल्या, एकदा तर पायाशी बोकड उभा करून आणला होता. २०१७ पर्यंत ती चालली. २०१९ ला वडील गेले. त्यानंतर ती पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी उभी राहिली. पत्र्याखाली आमच्याकडचा मे महिना काय असतो ते जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगायला नको. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

२०२२ च्या दिवाळीत बाहेर काढली. उंदरांनी डिक्कीत घर केलं होतं, सीटचा फोम आणि वायरिंग दोन्ही खाल्लं होतं. भंगारवाला साडेतीन हजार द्यायला तयार होता. मी नाही म्हणालो आणि मग पहिला मूर्खपणा केला: आधी रंगाला दिली.

का, तर लोकांनी बघावं म्हणून. गंजलेली गाडी दारात उभी असली की येणारा-जाणारा टोमणा मारून जातो, तीच निळीशार चकचकीत असली की गप्प बसतो. रंगवाल्याचं शेड होतं एका जिनिंगच्या मागे आणि महिना डिसेंबर, म्हणजे कापसाचा ऐन हंगाम. ओल्या रंगावर रात्रभर रुई उडत राहिली. सकाळी गेलो तर स्कूटरला केस आलेले. खोटं नाही सांगत, पुढच्या मडगार्डवर हात फिरवला की मांजरीच्या पाठीसारखं लागायचं. घासून पुन्हा रंग मारला. महिनाभरानं पायाखालचं रबर उचललं तर खालचा पत्रा चाळणी झालेला. तो कापून नवा पत्रा वेल्डिंग केला, तर आजूबाजूचा नवा रंग जळून काळा. तिसऱ्यांदा रंग. तुमच्या रंगाला फुगे आलेत ते बहुतेक याच जातीचे असणार. गंज पूर्ण न काढता वर लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) थापली की गंज आतून वाढत राहतो आणि वरचा थर उचलला जातो. त्यात पनवती कुठे आली? तो रंगवाल्याचा आळस आणि आपली घाई.

पण त्या लांबीनं माझं खरं नुकसान दुसरीकडेच केलं, ते नंतर सांगतो.

आता इंजिन, म्हणजे तुमचं मुख्य दुखणं. गावातल्या एका मेकॅनिकनं इंजिन खोललं, सिलेंडर आतून कोरून ०.५० चा बोअर केला, नवीन पिस्टन-रिंग टाकली. पारोळ्याच्या दिशेनं निघालो. चौदा-पंधरा किलोमीटर झाले असतील, गाडी एकदम जड पडली, मागचं चाक घासत गेलं आणि बंद. किक खाली जाईना. मेकॅनिक म्हणाला, "नव्या बोअरची गाडी तुम्ही पळवली." मी पळवली नव्हती, पण बाजू मांडणार कशी? पुन्हा पैसे, ०.७५ चा बोअर, पुन्हा पिस्टन. या खेपेला चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही, पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला वीसऐवजी तीस मिली टाकलं. सहाव्या दिवशी बोरी नदीच्या पुलाच्या अलीकडे पुन्हा पकडली. तिथे रस्त्याच्या कडेला बसून मी पहिल्यांदा म्हणालो की जाऊ दे, घेऊन जाऊ दे भंगारवाल्याला.

ढकलत एका चाचाकडे नेली. चाचा आता पंच्याहत्तरीचे, दुकान मुलगा बघतो, पण स्कूटर आली की स्वतः उठतात. अहिराणी आमच्यापेक्षा शुद्ध बोलतात. त्यांनी इंजिनाला हातच लावला नाही. आधी प्लग काढला, पुसला नाही, उन्हात धरला आणि मला जवळ बोलावलं. "देख, हाऊ प्लग काय सांगस." प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरंफट्ट होतं. मग विचारलं, बंद पडायच्या आधी रेस सोडली तरी इंजिन ओरडत राहायचं का? राहायचं. मी तर त्याला ताकद समजत होतो! चाचा म्हणाले, "गाडी हवा खाई राहिनी."

ही हवा कुठून येते ते समजून घ्या, कारण माझ्या अंदाजानं तुमचंही तेच असावं. या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते, मग पिस्टनच्या वर जाते. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना रबरी ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, त्यात आमच्यासारख्या पत्र्याखाली भाजली, की ते रबर कडक होतं आणि त्याची धार क्रँकला चिकटून बसत नाही. फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, बाजूचा सील गेला की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापतं. आणि ऑइल आपण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचलं. एकीकडे ताप वाढला, दुसरीकडे वंगण घटलं, मग पिस्टन फुगून सिलेंडरला धरणार नाही तर काय करणार? क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलटा प्रकार: गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी आपोआप उतरत जाते.

माझा सील शंभर रुपयांच्या आतला होता. त्याच्यापायी दोन बोअर, दोन पिस्टन आणि पाच महिने गेले. पहिल्या मेकॅनिकनं इंजिन पूर्ण खोललं होतं तरी जुनाच सील परत बसवला होता, कारण "चांगला दिसत होता".

आणखी एक गोष्ट चाचांनी दाखवली. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. आधीच्या माणसानं हातोडीनं ठोकून काढलं होतं. फ्लायव्हीलवरची पाती हीच या इंजिनाचा पंखा, तिच्या हवेवर सिलेंडर थंड राहतो. त्यातल्या दोन पात्या तुटलेल्या आणि फ्लायव्हीलला क्रँकवर जागच्या जागी धरणारी आतली अर्धचंद्री चावी कडेनं खचलेली. ती चावी खचली की फ्लायव्हील किंचित सरकतं आणि ठिणगीचं टायमिंग हलतं. जुनं फ्लायव्हील मालेगावला भंगारात मिळालं, तेही तिसऱ्या खेपेला. नव्या डब्यातल्या केबलींवर मात्र भरवसा ठेवू नका. डब्यावर "ओरिजिनल" जितकं मोठं लिहिलेलं असेल तितकी केबल लवकर तुटते, असा माझा अनुभव.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही. माझी पेट्रोलची नळी फुगून मऊ पडली, कार्ब्युरेटरची सुई अडकायला लागली, एका रात्रीत टाकीतलं पेट्रोल गळून ओट्यावर आलं. तेव्हापासून गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद, आणि महिनाभर चालवायची नसेल तर टाकी रिकामी. नळी इथेनॉल सोसणारी मागून घ्या.

आता लांबीची गोष्ट. आमच्या गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, वडिलांच्या नावावर. वडील शिस्तीचे, २०१६ ला पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलेलं, ते २०२१ ला संपलं. म्हणजे मला दोन कामं होती: मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आणि नोंदणी नूतनीकरणाला फॉर्म २५. नंबरही जळगावचं एमएच-१९ यायच्या आधीचा, तीन अक्षरी, त्यामुळे आधी संगणकात जुनी नोंद चढवून घ्यावी लागली. हे सगळं झालं. मग गाडी तपासणीला नेली आणि तपासणाऱ्या साहेबांनी चेसिस नंबर दाखवा म्हटलं. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, तर तिथे सपाट, गुळगुळीत, निळाशार पत्रा. रंगवाल्यानं नंबरावर लांबी थापून वर तीन हात रंग मारला होता.

पोटात गोळा आला. नंबर घासला गेला असेल तर गाडी चोरीची नाही हे कशावरून सांगणार? साहेब भला माणूस, म्हणाले पुढच्या आठवड्यात या. घरी येऊन रंग काढायचं द्रव्य, जुना टूथब्रश आणि आईची गोधडी शिवायची सुई घेऊन बसलो. सँडपेपर लावायची हिंमत झाली नाही. थर भिजवायचा, पुसायचा, सुईनं एकेक खाच कोरायची. संध्याकाळपर्यंत आकडे वर आले. एक आकडा ३ की ८ ते कळेना, तिथे गंजानं खड्डा पडलेला. आईनं बॅटरी तिरपी धरली, मी वर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली. कागदावर ८ उमटला. आरसीवरही ८ च होता. आई म्हणाली, "तुझे वडील असते तर आधी हाच बघितला असता." खरं आहे, मास्तर आधी हजेरी घ्यायचे, मग फळ्याकडे वळायचे.

म्हणून तुम्हाला सांगतो, आजच्या आज दोन गोष्टी करा. चेसिस नंबरची पेन्सिल-छाप काढून आरसीशी ताडून बघा आणि त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. आणि आरसी कधी संपलंय ते बघा. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे १,००० रुपये झाले आणि उशिराला महिन्याला ३०० रुपये. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला ते २,००० केले. शिवाय पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. हा हिशेब इंजिनाच्या आधी करा, कारण कागद होणार नसतील तर बोअर कशाला करायचा? कुणी सांगेल की विंटेजमध्ये नोंदवा. त्याला गाडी ५० वर्षांवरची लागते आणि नोंदणीलाच २०,००० पडतात. तुमची १९९४ ची, विषय संपला.

आता तुमचा मूळ प्रश्न, पनवतीचा. माझ्या यादीतल्या बहुतेक प्रत्येक विघ्नाचा पत्ता सापडला, कुठला सील, कुठली चावी, कुणाची हातोडी, आणि अर्ध्या गोष्टी मी क्रम उलटा लावल्यामुळे झाल्या. आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन, सगळ्यात शेवटी रंग, एवढं केलं असतं तर निम्मे पैसे वाचले असते. एकूण अडतीस हजार गेले. पण एका गोष्टीचा पत्ता मला आजही देता येत नाही. २०२३ च्या पोळ्याला गाडी पूर्ण झाली, धुऊनपुसून दारात लावली, हार घातला. मिरवणुकीतला शेजारच्या जिभाऊंचा बैल, शिंगं ताजी रंगवलेली, सरळ रस्ता सोडून आमच्या दारात आला आणि डाव्या डिक्कीवर शिंग घासून गेला. पोचा पडला, वर लाल रंगाचा पट्टा. जिभाऊ ओशाळून पैसे द्यायला लागले. आईनं बैलाला पुरणपोळी दिली. तो पट्टा मी काढलेला नाही. चौथा रंग माझ्याच्यानं झाला नसता.

विकायची असेल तर विका, त्यात पाप नाही. पण आधी प्लग काढा, न पुसता उन्हात बघा. चहासारखा तपकिरी असेल तर दुखणं दुसरीकडे आहे, बोअर करणाऱ्याकडे जाऊन पिस्टनची फट मोजून घ्या. काळा आणि ओला असेल तर कार्ब्युरेटर. पांढरा असेल तर तिसरा बोअर अजिबात करू नका, दोन्ही सील बदलायला सांगा आणि फ्लायव्हील पुलरनं काढतो की हातोडीनं, ते तिथे उभं राहून बघा.