फर्नेस, डोकेदुखी आणि पहिला हिवाळा

कॅनडात ब्रॅम्प्टनला भाड्याचं घर बघताय, बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी आहे, मुलगी पाच वर्षांची. रात्रभर गॅस चालू ठेवून झोपायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, पीआर (कायम राहण्याचा परवाना) यांचं सगळं सरकारी साइटवर आहे. पण हा प्रश्न आमच्या घरात पहिल्या हिवाळ्यात रोज रात्री निघायचा, म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे झोपताना रेग्युलेटर बंद केला की निर्धास्त. इथे उणे पंधरा-वीसमध्ये फर्नेस बंद ठेवली तर पाण्याचे पाइप गोठून फुटतात. पण ती उगाच पेटत नाही. घराचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचा हुकूम आला की आधी एक छोटा पंखा धूर बाहेर ओढायला लागतो. ओढ नीट आहे असं प्रेशर स्विचला कळलं तरच गॅस पेटवणारा इग्नायटर तापून लाल होतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योतीत फ्लेम सेन्सरची बारीक दांडी असते. ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका क्षीण प्रवाह तिला काही सेकंदांत मिळाला नाही, तर गॅस बंद. पुन्हा प्रयत्न होतो. तरी जमलं नाही तर फर्नेस लॉक होते. आत फार तापलं तर लिमिट स्विच बर्नर बंद करतो, आणि बऱ्याचदा कारण असतं धुळीनं बुजलेला फिल्टर. ज्वाळा बाहेर आली तर रोलआउट स्विच. तो बहुधा हातानं रीसेट करावा लागतो; कारण सापडल्याशिवाय कुणालाही तो दाबू देऊ नका.

मात्र गॅस नीट जळला नाही की होणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, यातल्या एकाही स्विचला कळत नाही. गॅसला मुद्दाम वास घालतात, याला वासच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं, ताप मात्र नसतो. नव्यानं आलेल्या माणसाचं पहिल्या हिवाळ्यात हेच होतं हो! माझी बायको रोज दुपारी डोकं धरून बसायची. या वायूचा अलार्म लावलेला होता, टेस्टचं बटण मी पुन्हा पुन्हा दाबून बघायचो. त्यानं अलार्म वाजतो एवढंच कळतं, हवा तपासली जात नाही; पण तो आपणहून कधी वाजला नाही, म्हणून वाटलं की कारण हवेत नसावं. दुखत होतं ते वेगळंच. त्यावर आम्ही दोघं अजूनही नीट बोललेलो नाही.

2008 साली इथल्याच ऑन्टारियो प्रांतातल्या वुडस्टॉकमध्ये हॉकिन्स कुटुंबातले आई, वडील आणि दोन्ही मुलं या वायूनं गेली. गॅस फायरप्लेसचा धूर जायची वाट बुजली होती. 2014 पासून ऑन्टारियोत गॅसची फर्नेस असलेल्या जुन्या घरांनाही झोपायच्या खोल्यांजवळ हा अलार्म सक्तीचा आहे. घरमालक तुमच्याकडे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे इथल्या कर्जफेडीची नोंद मागेल, जी नव्या माणसाकडे नसतेच. तुम्ही त्याच्याकडे फर्नेसच्या शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख आणि अलार्मची मुदत लेखी मागा. मागायला लाजू नका.

शाळेतही तसंच. नाशिकला इंग्रजीतून शिकलेल्या माझ्या मुलाला एका शिक्षिकेनं दहा मिनिटं बघून इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या वेगळ्या गटात बसवलं. तो फक्त गप्प होता. त्या बाईंना हे सांगूनही उपयोग झाला नाही, आणि तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. मुलीच्या मूल्यमापनाला स्वतः हजर राहा.

बर्फ पडला की भिंतीतून बाहेर आलेले फर्नेसचे हवा-धुराचे दोन प्लॅस्टिकचे पाइप आधी मोकळे करा, मग गाडी. बायकोचा नंबर मेसेजमध्ये पाठवतो. तुमच्या मिसेसना द्या. दुपारी ती घरीच असते.