क्रॅपी गळाला लागतो, पण हाती येत नाही

प्रश्न : मी अमेरिकेतील टेनेसी राज्यात राहतो. एप्रिलच्या अखेरीस कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी) घेऊन रीलफूट तलावावर दिवसभर क्रॅपी हे गोड्या पाण्यातले मासे गरवायला गेलो होतो. सकाळी पाण्यातल्या खुंटांजवळ सहा मासे लागले, पण त्यांतले तीन अगदी कयाकपाशी येऊन निसटले. दहाच्या सुमारास वारा सुटला आणि त्यानंतर त्याच जागी तासभर बसूनही काही लागले नाही. मासे निघून गेले की माझे काही चुकले?

उत्तर : मासे बहुधा तिथेच होते, जागेवरून हलला असाल तर आपणच. पण आधी निसटलेल्या माशांविषयी. हा मासा काही फार जड नसतो. १९५७ मध्ये मिसिसिपीतील एनिड धरणापाशी मिळालेला विक्रमी पांढरा क्रॅपीसुद्धा ५ पौंड ३ औंसांचा होता. अडचण त्याच्या तोंडाची आहे. ओठांमागचा पडदा कागदासारखा पातळ असल्यामुळे बास माशाला देतात तसा जोराचा हिसका दिला, की गळ त्यात रुततो खरा, पण त्याच वेळी भोकही मोठे करतो. पुढे कयाकजवळ आल्यावर आपण काठीने मासा अधांतरी उचलतो, तेव्हा पाण्याचा आधार सुटून त्याचे सारे वजन त्या फाटक्या भोकावर येते आणि मासा टपकन पाण्यात पडतो. म्हणून दोरीला ओढ जाणवताच नुसते मनगट वर न्यावे, रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याला रोखणारा ब्रेक) सैल ठेवावा, दोरी मात्र ढिली पडू देऊ नये. हातजाळी आधी पाण्यात बुडवून धरावी आणि मासा तिच्यावर आणावा. जाळी घेऊन माशाचा पाठलाग करू नये.

आता वाऱ्याचे. १८११-१२ सालच्या न्यू मॅड्रिड भूकंपांत जमीन खचून रीलफूट तलाव तयार झाला, आणि तेव्हा बुडालेल्या जंगलाचे खुंट आजही तिथे माशांना आडोसा देतात. विणीच्या दिवसांत नर घरट्याची राखण करत उथळ पाण्यात असतो आणि जागा सहसा सोडत नाही. आपण ‘त्याच जागी’ म्हणता, पण हलकी कयाक वाऱ्यावर आठ-दहा फूट केव्हा सरकते ते बसणाऱ्याला कळतही नाही, आणि खुंटाला बिलगून असलेल्या माशासाठी तेवढे अंतर फार झाले. कयाक सरकताना दोरी तिरपी होऊन आमिष वर येते, वारा पडला की ते सरळ खाली जाते, आणि हे खाली जाणे अधिक वाईट. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला वळलेले असल्यामुळे तो आपल्या वरून जाणारे भक्ष्य टिपतो. आमिष त्याच्या खाली गेले, तर त्याचे तिकडे लक्षच जात नाही. १/१६ औंसाची, म्हणजे पावणेदोन ग्रॅमांच्या आसपासची जिग (वजन जडवलेला गळ) फ्लोटखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बोंड्याखाली, बांधून एक फुटापासून सुरुवात करावी आणि अर्ध्या-अर्ध्या फुटाने खोली वाढवत न्यावी. ऊन चढल्यावर खुंटाच्या सावलीची बाजू आधी पाहावी.

कयाक स्थिर ठेवायला दातेरी चिमट्याने खुंट पकडून त्याची दोरी कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधावी. मधोमध, कडेला कधीही बांधू नये. वारा आणि लाट आडवी आली, तर कयाक उलटायला क्षणभर पुरतो. ती दोरी कापता येईल अशी सुरी हाताशी असावी. पाण्याखाली वीतभर दडलेले खुंटही कयाक कलंडवतात, म्हणून वल्हे बेताने मारावे. लाइफ जॅकेट अंगातच हवे. पाठीमागे बांधून ठेवलेले जॅकेट बुडताना घालता येत नाही.

प्रश्न : पकडलेला क्रॅपी काळा की पांढरा, हे रंगावरून ठरवता येते का?

उत्तर : रंगावर विसंबू नये, कारण विणीच्या काळात पांढऱ्या क्रॅपीचा नरही काळवंडतो. पांढऱ्याच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळ्यावर विस्कळीत ठिपके. पण खात्रीची खूण म्हणजे पाठीवरच्या पराचे टोकदार काटे. पांढऱ्याला ते सहसा ५ किंवा ६ असतात, काळ्याला ७ किंवा ८. हात आधी ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवला, की काटे निमूट आडवे होतात आणि मासा नीट धरता येतो. मग बोटाने एकेक काटा उभा करत मोजावा.