मैत्री आहे, मग कागद कशाला?

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही तिघी मैत्रिणी घरच्यांपासून प्रथमच वेगळ्या होऊन एकत्र भाड्याच्या घरात राहायला जात आहोत. घरात तीन खोल्या आहेत. एक मोठी आणि बाल्कनीची, दुसरी मध्यम, आणि तिसरी इतकी लहान की पलंग टाकल्यावर दार पुरते उघडत नाही. भाडे सारखे वाटून घ्यावे की खोलीप्रमाणे, यावर आमचे एकमत होत नाही. भाडेकरार माझ्या एकटीच्या नावावर करावा आणि बाकीचे आपसांत पाहावे, असे दोघींचे म्हणणे आहे. सगळे लिहून ठेवू या, असे मी सुचवले तेव्हा एकीने ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असे विचारले आणि मी गप्प बसले. माझे काही चुकले का?
– एक वाचक, वय २३

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही, आणि गप्प बसण्याचे कारणही नव्हते. अविश्वास असेल तर माणसे एकत्र राहायलाच जात नाहीत. एकत्र राहणाऱ्यांचे खटके बहुधा लबाडीमुळे उडत नाहीत. जे बोलणे झाले होते ते सहा महिन्यांनी प्रत्येकीला वेगवेगळे आठवते, म्हणून उडतात. शिवाय आज तिघींचे मन एकमेकींविषयी स्वच्छ आहे, तेव्हा अवघड कलमे लिहायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

करार तुमच्या एकटीच्या नावावर झाला, तर घरमालकाच्या दृष्टीने भाडेकरू तुम्हीच. एखादीने भाडे थकवले, काही मोडले किंवा ती मध्येच निघून गेली, तरी पैसे तुमच्याकडेच मागितले जातील. उलट, उद्या तुमच्यात बिनसले तर त्या दोघींना त्या घरात राहण्याचा स्वतंत्र हक्क दाखवणे कठीण जाईल. म्हणजे ही व्यवस्था त्यांच्याही हिताची नाही, हे त्यांना जरूर सांगा. तिघींची नावे घाला. मात्र अशा एकत्र करारात पुष्कळदा प्रत्येकीवर पूर्ण भाड्याची जबाबदारी येते, केवळ आपल्या वाट्याची नव्हे, हे ध्यानात ठेवून ते कलम सही करण्याआधी तिघींनी शब्दन् शब्द वाचा.

आता खोल्यांविषयी. भाडे सारखे वाटले तर लहान खोलीतली मैत्रीण रोज थोडी थोडी खट्टू होत जाईल, आणि नुसत्या क्षेत्रफळावर वाटले तर बाल्कनीचे, उजेडाचे, शांततेचे मोल कुठेच धरले जाणार नाही. या प्रश्नाचा गणितज्ञांनीही विचार केला आहे. फ्रान्सिस सू यांनी १९९९ साली एका लेखात दाखवून दिले की काही साध्या अटी पाळल्या, तर भाड्याची अशी वाटणी निघू शकते की आपल्या खोलीऐवजी दुसरीची खोली तिच्या भाड्यासह घ्यावी, असे कोणालाच वाटणार नाही. त्यामागचा विचार तुम्हाला घरी बसून वापरता येईल. एकूण भाडे १०० भाग समजा आणि मोठ्या खोलीला ४०, मधल्या खोलीला ३३ व लहान खोलीला २७ असे आकडे ठेवा. या भाड्याला आपण कोणती खोली घेऊ, हे प्रत्येकीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठ्या एकदमच उघडाव्यात, म्हणजे भिडस्त मुलगी दुसरीचे तोंड पाहून निर्णय घेणार नाही. दोघींनी मोठी खोली लिहिली, तर ती स्वस्त ठरली आहे. तिचे ४४ करा, बाकीच्यांचे ३१ व २५ करा आणि पुन्हा चिठ्ठ्या टाका. तिन्ही चिठ्ठ्यांवर तीन वेगळ्या खोल्या येईपर्यंत असे करत राहा. वीज, पाणी आणि इंटरनेट यांचे मात्र सरळ तीन भाग करावेत. तिथे फार बारीक हिशेब केला तर घर नकोसे होते.

सामान आत नेण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे काढा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या सामायिक घरात स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटाची तळफळी ओलीने फुगलेली होती. अंगठ्याने दाबली तर ती पावासारखी दबत असे. पहिल्याच दिवशी आम्ही ती पाहिली आणि पडदे लावायच्या घाईत विसरून गेलो. घर सोडताना त्याच फळीचे पैसे अनामत रकमेतून कापले गेले आणि आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. म्हणून भिंती, नळ, सिंकखालचा भाग, खिडक्यांच्या कड्या आणि वीजमीटरचा आकडा यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी घरमालकाला ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहील.

आपसांतल्या कागदात मुख्यतः निघून जाण्याविषयी लिहा, कारण तिघी एकाच दिवशी घर सोडतील असे सहसा होत नाही. जाणारीने किती दिवस आधी सांगायचे, नवी मुलगी कोणी शोधायची आणि ती मिळेपर्यंत जाणारीचे भाडे कोणी भरायचे, हे ठरवा. अनामतीतला जाणारीचा वाटा येणारी तिला देते, ही पद्धत सोयीची आहे. पण त्या दिवशी घराची छायाचित्रे पुन्हा काढा, नाहीतर पहिलीने केलेल्या नुकसानीचा भार नवीवर पडेल. फ्रिज किंवा धुलाईयंत्र वर्गणी काढून घेऊ नका. एक वस्तू एकीच्या मालकीची असावी, म्हणजे निघताना तिचे तीन तुकडे करण्याची वेळ येत नाही. झाडलोट आणि भांडी यांचे नियम आधीच लिहू नका. महिनाभर राहून पाहा, कोणाला काय खुपते ते कळेल, मग बोला.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. तिला समजावत बसण्यापेक्षा कागदाचे पहिले कलम तुम्ही स्वतःवरच लिहा, ‘मी आधी घर सोडले, तर मी दोघींना काय देणे लागेन’, आणि ते तिला वाचून दाखवा. दुसरे कलम तिलाच लिहू द्या.